सामाईक गाडीचा ट्रॅकर सारखा ऑफलाइन जातोय? आधी वही काढा

आमच्या घरी गाडी एक आणि चालवणारे पाच. थोरले अण्णा, मी, पुतणी, तिचा धाकटा भाऊ आणि महिन्यातून दोनदा इचलकरंजीहून येऊन गाडी घेऊन जाणारे दाजी. गाडी साधी, पेट्रोलची छोटी हॅचबॅक, २०१७ ची. मुक्काम कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, आमच्या दारात. कोणी कधी नेली, पेट्रोल कोणी टाकलं, बंपरला ओरखडा कुणाच्या हातून पडला, यावरून दर पंधरवड्याला जुंपायची. ती कटकट मिटावी म्हणून दीड वर्षामागं एक ट्रॅकर आणला: गाडी कुठं आहे ते मोबाइलवर दाखवणारा, ओबीडी सॉकेटात (गॅरेजवाला तपासणीचा स्कॅनर लावतो त्या, स्टेअरिंगखालच्या खाचेत) खोचायचा. कटकट मिटली नाही, नुसता विषय बदलला. "ट्रॅकर कुणी काढला?"

कारण तो दर थोड्या दिवसांनी ऑफलाइन जायचा. ॲप उघडलं की नकाशावर राखाडी ठिपका आणि खाली 'शेवटचं दर्शन दोन दिवसांपूर्वी', जणू गाडी नव्हे, जोतिबाच आहे.

मी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. सिमकार्ड दोनदा बदललं. दुकानदारानं वॉरंटीत अख्खं यंत्रच बदलून दिलं. ॲप काढून परत टाकलं. दरवेळी ठिपका हिरवा झाला, दरवेळी वाटलं की चला, सुटलं. आणि दरवेळी आठ-दहा दिवसांत परत तेच. यातली मेख मला फार उशिरा कळली. तुम्ही काहीही करा, त्या नादात ट्रॅकर एकदा सॉकेटातून निघतो आणि परत बसतो. म्हणजे तो बंद होऊन नव्यानं चालू होतो. तेवढ्यानंच तो काही दिवस शहाण्यासारखा वागतो, आणि श्रेय मिळतं आपण शेवटी केलेल्या उपायाला. मी सिम बदलण्याऐवजी गाडीपुढं नारळ फोडला असता आणि ट्रॅकर काढून घातला असता, तरी हाच गुण आला असता.

शेवटी शाळेतली एक जुनी वही घेतली. ऑफलाइन गेला की पाच गोष्टी लिहायच्या: तारीख, वेळ, शेवटी गाडी कुणाकडे होती, कुठं उभी होती, आणि ॲपमध्ये दिसणारा शेवटचा व्होल्टेजचा आकडा. यंत्राला हात लावायचा नाही. दीड महिन्यात अकरा नोंदी झाल्या. त्या वाचायला बसलो तेव्हा दिसलं की हा एक बिघाड नाहीच. चार वेगवेगळी दुखणी एकाच राखाडी ठिपक्याआड दडली होती, आणि प्रत्येकाची येण्याची वेळ वेगळी होती.

पण त्याआधी एक छोटी चाचणी. ट्रॅकरमध्ये साधं सिम असेल तर त्या नंबरला फोन लावा. रिंग वाजली, तर यंत्र जिवंत आहे, त्याला टॉवरही आहे, फक्त त्याचं इंटरनेट अडलंय. 'स्विच ऑफ आहे किंवा कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे' असं ऐकू आलं, तर एकतर त्याला वीज मिळत नाही किंवा टॉवर. ॲपवाले हे सगळं एकाच रंगात दाखवतात. तेरा आकड्यांचा नंबर असलेलं, यंत्रांसाठीचं खास एम-टू-एम सिम असेल तर ही युक्ती बहुधा चालणार नाही. मग पुस्तिकेत दिलेला एसएमएस पाठवून यंत्राची खुशाली विचारा.

चार-पाच दिवस उभी राहिली की गायब

अकरापैकी पाच नोंदी या जातीच्या होत्या. गाडी कुणी नेली याच्याशी काही संबंध नाही. ती चार-पाच दिवस दारात उभी राहिली की ठिपका राखाडी, आणि त्याच सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक टक'. आम्ही म्हणायचो, बॅटरी बसली म्हणून ट्रॅकर गेला. अर्ध्यातच बरोबर होतो. ट्रॅकरनं बॅटरी बसवली होती आणि मग तो स्वतःही गेला होता.

ओबीडी सॉकेटाला सोळा पिना असतात. त्यातल्या सोळाव्या पिनेवर बॅटरीचा करंट कायम असतो, किल्ली काढली तरी. गॅरेजवाल्याला स्कॅनर लावता यावा म्हणून ती सोय आहे. तिथं खोचलेली वस्तू चोवीस तास बॅटरीचं दूध पीत बसते. किती पिते ते बघायला एका रविवारी मल्टीमीटर घेऊन बसलो. ज्याला हे जमतं त्यानंच करावं. नाहीतर उद्यमनगरातला कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन अर्ध्या-पाऊण तासात करून देईल. किल्ली काढली, बॉनेट उघडं ठेवलं, दारं लावली, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडलं आणि मीटर दहा अँपिअरच्या जागी लावून टर्मिनल आणि वायर यांच्यामधे जोडला. पथ्य एकच: मीटर असा मधे असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरमधला फ्यूज जातो. आणि टर्मिनल सोडलं की घड्याळ, रेडिओची स्टेशनं परत लावावी लागतात. म्युझिक सिस्टीम कोड मागणारी असेल तर तो आधी शोधून ठेवा.

सुरुवातीला आकडा मोठा येतो, गाडीतली सगळी यंत्रं अजून जागी असतात. वीस-पंचवीस मिनिटं थांबलो. आकडा ०.०९ वर स्थिरावला, म्हणजे ९० मिलीअँपिअर. ट्रॅकर उपसला. ०.०२.

गाडी स्वतः २० ते ५० मिलीअँपिअर खाते, ते चालतं. पण आमचा ट्रॅकर एकटाच ७० खात होता. हिशेब करा. ९० मिलीअँपिअर गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला सव्वादोन अँपिअर-तासांच्या आसपास. पाच दिवसांत जवळपास अकरा. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. ऐकायला वाटतं, भरपूर आहे. पण तो आकडा कोऱ्या बॅटरीचा. दोन-अडीच वर्षं झालेली बॅटरी तेवढं धरत नाही, आणि आमची गाडी जाते कुठं? मंडई, रंकाळा, राजारामपुरीत क्लास. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत सेल्फनं घेतलेलं परत भरायलाही वेळ मिळत नाही. अशी अर्धपोटी बॅटरी घेऊन गाडी उभी राहते आणि वर हा रोजचा उपसा.

ट्रॅकरचा व्होल्टेजचा आकडा इथं फार कामाचा. गाडी दोन तास बंद असताना १२.६ दिसलं तर बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की काळजीचं कारण. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. आमच्या यंत्राला ११.८ च्या खाली आलं की स्वतःहून झोपायची सवय आहे. म्हणून ऑफलाइन जाणं आणि सेल्फ न लागणं एकाच सकाळी घडत होतं.

मग प्रश्न राहिला, गाडी उभी असताना ट्रॅकर जागा का? झोपायची सोय त्यात होती, पण त्याला झोप लागत नव्हती. ओबीडीत खोचायच्या साध्या ट्रॅकरला किल्लीची वेगळी वायर नसते. इंजिन चालू आहे की नाही याचा तो अंदाज बांधतो, व्होल्टेजवरून आणि हादऱ्यांवरून. आमची गाडी रस्त्याच्या कडेला. केएमटीची बस गेली की हादरा, टेम्पो गेला की हादरा. दर हादऱ्याला हा दचकून उठणार, उपग्रह शोधणार, सर्व्हरला निरोप धाडणार. गणपतीत तर कहर झाला. मिरवणुकीतला डॉल्बी दारावरून जाताना पंधरा मिनिटांत सात वेळा 'तुमचे वाहन हलत आहे' असा निरोप अण्णांच्या मोबाइलवर आला. अण्णा काठी घेऊन खाली. गाडी जागच्या जागी थरथरत होती, एवढंच.

उपाय सेटिंगमध्ये होता, पुस्तिकेतल्या आठव्या पानावर, मला दीड वर्षं न दिसलेला. हादऱ्याची संवेदनशीलता सर्वांत कमी केली. इंजिन बंद झाल्यावर पाच मिनिटांनी झोप. आणि उभं असताना दर तीस सेकंदांनी जो निरोप जात होता तो तासाला एक केला. उभी गाडी कुठं आहे हे दर अर्ध्या मिनिटाला कळून करायचंय काय? परत मीटर लावला. ०.०३. आता गाडी बारा दिवस उभी राहून एका फटक्यात चालू झाली आहे.

हेच व्होल्टेजचं त्रांगडं काही नव्या गाड्यांत उलट्या बाजूनं येतं. तिथं अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, शहाणा असतो. बॅटरी भरली की तो चार्जिंग कमी करतो, व्होल्टेज तेराच्या खाली येतं, आणि ट्रॅकरला वाटतं इंजिन बंद झालं. मग कोल्हापूर ते सातारा हा एक प्रवास ॲपमध्ये चार तुकड्यांत दिसतो, मधेमधे गाडी 'उभी'. अशा गाडीला ओबीडीचा ट्रॅकर घेऊच नये. वायरिंगचा घ्यावा, ज्याची एक वायर किल्लीच्या करंटला जोडता येते. जोडणी मात्र फ्यूजसह आणि नीट इन्सुलेशन टेप मारून करून घ्या. आणि वायरच्या रंगावर विसंबू नका. लाल म्हणजे कायम करंट असं प्रत्येक कंपनी मानत नाही. मीटर लावून बघणारा इलेक्ट्रिशियन गाठा, दातानं वायर सोलणारा नव्हे.

अजून एक खूण सांगून ठेवतो. प्रवासाची सुरुवात ॲपमध्ये कायम बिंदू चौकातून होत असेल आणि गाडी मात्र मंगळवार पेठेतून निघत असेल, तर ट्रॅकरच्या पोटातली छोटी बॅटरी मेलेली आहे. सेल्फ मारताना गाडीचं व्होल्टेज क्षणभर नऊ-दहापर्यंत कोसळतं. पोटातली बॅटरी ठीक असेल तर ट्रॅकर तो धक्का पचवतो, नाहीतर बंद होऊन परत उठतो. उठून, डोळे चोळून, उपग्रह सापडेपर्यंत आपण बिंदू चौकात पोचलेलो असतो.

दर चौथ्या आठवड्याला

दोन नोंदींमधलं अंतर मोजलं. बरोबर अठ्ठावीस दिवस. फोन लावला तर रिंग वाजत होती. पुढं काही सांगायला हवं का? रिचार्ज. ज्याच्या नावावर सिम आहे त्याच्याच मोबाइलवर आठवण येते असं नाही, ती ट्रॅकरमधल्या सिमवर येते, आणि तिथं ती वाचणार कोण? वर्षाचा पॅक टाकला आणि संपायची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिली. सिम बदलणार असाल तर दोन गोष्टी बघा. स्वस्त ट्रॅकर अजूनही फक्त २जी वर चालतात आणि जिओचं जाळं २०१६ मध्ये सुरू झालं तेच थेट ४जी वर, म्हणून ते सिम अशा यंत्रात कधीच जागं होणार नाही. दुसरं, सिमची कंपनी बदलली की एपीएन (त्या कंपनीच्या इंटरनेटला जोडायचं नाव) बदलतो, आणि तो एसएमएसनं यंत्राला कळवावा लागतो. मोबाइल हे आपोआप करतो, ट्रॅकर नाही.

घाट

मलकापूर सोडून आंबा घाटाकडं लागलं की ठिपका थांबतो. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना तेच. हा बिघाड नाही, तिथं टॉवर नाही. फक्त एक तपासा: दुसऱ्या दिवशी त्या प्रवासाचा इतिहास उघडा. घाटातली वळणं रेषेत उमटलेली असतील, तर यंत्रानं सगळं लिहून ठेवलं आणि टॉवर मिळाल्यावर पाठवलं. ठीक आहे. घाटाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत एक सरळ रेघ दिसली, तर यंत्राला साठवण नाही, आणि त्याला औषधही नाही. आमच्याकडं एकदा पुतण्याच्या नावावर करूळ घाटात ताशी १४० असा वेग लागला. त्या वळणांत चाळीसला पोट ढवळतं! दऱ्याकपाऱ्यांत उपग्रहाचा सिग्नल कड्यावर आपटून येतो, ठिकाण दोन सेकंदांत ऐंशी मीटर उडी मारतं, आणि ॲप त्या उडीचा वेग काढतं. वेगाचा एखादाच सुटा आकडा धरून कुणाला बोलू नका. मागचे-पुढचे आकडे बघा.

फक्त दाजींच्या वेळी

आता नाजूक गोष्ट. उरलेल्या नोंदींत तीन वेळा शेवटचा चालक एकच होता: दाजी. दर वेळी कोल्हापुरातून निघून अर्ध्या-पाऊण तासात ठिपका राखाडी. घरात कुजबुज सुरू झाली. दाजी ट्रॅकर उपसून ठेवतात, जातात कुठं कुणास ठाऊक. वहिनी म्हणाल्या, "पावण्याला विचारायचं कसं?" खरंच, कसं विचारणार? जावयाला आपण जेवताना 'अजून घ्या' याच्यापलीकडं काही विचारत नाही.

म्हणून मी दाजींना नाही, यंत्राला विचारलं. बहुतेक ट्रॅकर वीज तुटली की पोटातल्या बॅटरीवर एक शेवटचा निरोप पाठवतात: 'पॉवर कट'. ॲपमध्ये तो सूचनांच्या यादीत पडून असतो. एव्हाना यंत्र वॉरंटीत बदलून आलेलं, त्याची पोटातली बॅटरी नवी होती, म्हणून तिन्ही निरोप सापडले. प्रत्येकासमोर त्या क्षणाचा वेगही होता. ३८, ४४, २७. म्हणजे वीज तुटली तेव्हा गाडी पळत होती! ताशी ४४ नं गाडी चालवताना स्टेअरिंगखाली वाकून कोणी ट्रॅकर उपसत नाही.

पुढच्या खेपेला दाजी आले तेव्हा त्यांच्यासोबत हातकणंगलेपर्यंत गेलो. दाजी सहा फूट. आमच्या गाडीत ओबीडी सॉकेट स्टेअरिंगच्या खाली, डावीकडं, ट्रॅकर त्यातून दोन बोटं बाहेर आलेला. क्लचवरून पाय उचलला की गुडघा थेट ट्रॅकरवर. दर गिअरला एक टपली. शिरोलीच्या पुढं एका गतिरोधकाला तो सुटलाच. दाजींना पत्ताही नाही. गाडी परत आली की मुलं ती आतून झाडताना सुटलेला ट्रॅकर परत दाबून बसवायची, मग कुणाला कळणार?

यावर उपाय दोन-तीनशे रुपयांचा: चपट्या वायरची ओबीडी एक्स्टेन्शन. एक टोक सॉकेटात, दुसऱ्या टोकाला ट्रॅकर, आणि तो डॅशबोर्डच्या आत वरच्या बाजूला केबल टायनं बांधून टाकायचा. पेडलच्या वाटेत काही लोंबत नाही ना हे हातानं चाचपून बघा, हे सर्वांत महत्त्वाचं. सर्व्हिसिंगला गाडी दिली की तिथं स्कॅनर लावायला ट्रॅकर काढतात आणि परत लावायला विसरतात. त्यासाठी एक्स्टेन्शनच्या टोकाला मी चिठ्ठी चिकटवली आहे: 'काम झाल्यावर परत जोडा'.

कुजबुजीचं दाजींना अजून कळलेलं नाही. हे ते वाचणार नाहीत अशी आशा आहे.

रात्री एक वाजता गाडी बाहेर

हा ऑफलाइनचा प्रकार नाही, पण त्याच्याच पोटातून निघाला. दुकानदारानं यंत्र बदलून दिलं तेव्हा ॲपमध्ये ते नव्यानं नोंदवलं होतं. त्यानंतर एका गुरुवारी संध्याकाळी पुतण्यानं गाडी मित्राकडं मुक्कामी नेली. सकाळी मित्राच्या आईला कऱ्हाडला दवाखान्यात न्यायचं होतं. शुक्रवारी अण्णांनी ॲप उघडलं: रात्री १ वाजून ५ मिनिटांनी गाडी निघाली, १ वाजून ४० मिनिटांनी किणी टोल नाक्यावर. पोरगा म्हणतोय, साडेसहाला निघालो. अण्णा म्हणतायत, "यंत्र खोटं बोलंल व्हय?"

यंत्र खोटं बोलत नव्हतं, ते ग्रिनिचच्या वेळेत बोलत होतं. नवीन नोंदणीत वेळेचा विभाग शून्यावर राहिला होता. भारतीय वेळ त्यापुढं साडेपाच तास. १ वाजून ५ म्हणजे सकाळचे ६ वाजून ३५. पण हे मी सांगून अण्णांना पटणार नव्हतं. पटवलं फास्टॅगनं. किणी नाक्यावर पैसे कापल्याचा एसएमएस अण्णांच्याच मोबाइलवर आलेला होता, टॅग त्यांच्या नावावर म्हणून. वेळ: ७ वाजून १० मिनिटं. टोल उखडून लावणाऱ्या गावात टोलच्या पावतीनं पोराची अब्रू राखली.

तेव्हा वेळेबद्दल शंका आली की अशी दुसरी साक्ष काढा: फास्टॅगचा एसएमएस, पेट्रोल पंपाचं बिल, यूपीआयची नोंद. फरक बरोबर साडेपाच तासांचा निघाला तर ॲपच्या सेटिंगमध्ये वेळ विभाग अधिक ५:३० करा. काही ॲपमध्ये तो दोन ठिकाणी असतो, खात्यात आणि यंत्रात. दोन्हीकडं अधिक केलात तर गाडी भविष्यात पळू लागते. माझी तीही पळवून झाली आहे.

बाकीचं भराभर. जिओफेन्सचं, म्हणजे गाडीनं ओलांडली की निरोप येतो त्या हद्दीचं, वर्तुळ पन्नास मीटरचं ठेवलंत तर गाडी उभ्या उभ्या आत-बाहेर करत राहील. मोकळ्या आकाशाखाली जीपीएसची चूक तीन-पाच मीटर असली तरी पेठेच्या बोळात दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून सिग्नल परतून येतो आणि ठिपका शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात फिरून येतो. दोनशे मीटर ठेवा.

गाडीतला ब्लूटूथ हा सामाईक गाडीचा वेगळाच ताप. पुतणी खाली गाडी चालू करते आणि वर माडीवर अण्णांचा चालू फोन गाडीच्या स्पीकरवर जातो. एकदा भिशीचा सगळा हिशेब गल्लीनं ऐकला. गाडीच्या यादीतून सगळे फोन पुसून, ज्यानं-त्यानं आपला नव्यानं जोडला आणि अण्णांच्या फोनवर गाडीसाठीची आपोआप जोडणी बंद केली, तेव्हा थांबलं. मागून आणलेली किंवा भाड्यानं घेतलेली, काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांची गाडी परत करताना मात्र आपला फोन गाडीच्या यादीतून आठवणीनं पुसा. जोडताना 'संपर्क घेऊ का' याला आपण हो म्हटलेलं असतं, आणि अख्खी फोनवही तिथं राहते. नकाशातला घरचा पत्ताही.

कंपनीनंच आत बसवलेली कनेक्टेड यंत्रणा असेल तर तिथं मुख्य खातं एकाच मोबाइलवर असतं, बाकीच्यांना त्यानं आमंत्रण द्यायचं. एकच पासवर्ड चौघांनी वापरला की एकमेकांना बाहेर काढत बसाल. बरेच दिवस उभी राहिली की ही यंत्रणाही बॅटरी वाचवायला झोपते आणि मोबाइलवरून दार उघडत नाही. किल्लीनं एकदा गाडी चालू करा, बास. जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाकडून ती त्याच्या खात्यातून काढून घ्या. स्क्रीनवरचं रीसेट पुरत नाही, त्याला त्याच्या मोबाइलवर तुमची गाडी दिसतच राहते.

दुकानात दोन गोष्टी गळ्यात मारतात. एक, मोबाइलवरून इंजिन बंद करायचा रिले. घेऊ नका. इंधन पंपाच्या वायरीत एक कच्चा सांधा कायमचा बसतो, तो कधी घाटात सुटेल सांगता येत नाही. आणि रागाच्या भरात कुणी बटण दाबलं तर गाडी हायवेवर थंड. दुसरं, 'हे सरकारनं सक्तीचं केलंय'. १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या प्रवासी वाहतुकीच्या नव्या वाहनांना ट्रॅकिंग आणि पॅनिक बटण लागतं, ते खरं. घरच्या पांढऱ्या पाटीला नाही. काही ट्रॅकरमध्ये गाडीतलं बोलणं ऐकायला माइक असतो. आमच्यातला मी उघडून कापून टाकला. गाडी कुठं आहे एवढंच आम्हाला हवं होतं.

एक दुखणं सुटलेलं नाही. दाजींच्या इचलकरंजीच्या बिल्डिंगमध्ये पार्किंग स्लॅबखाली आहे. तिथं उपग्रह नाही, टॉवर एक दांडी. गाडी आत गेली की ठिपका गेटबाहेर रस्त्यावर गोठतो, सकाळपर्यंत. बाहेर अँटेना काढून बघितली, फरक नाही. आता दाजी रात्री घरच्या ग्रुपवर लिहितात, 'गाडी लावली, किल्ली फ्रिजवर', आणि वहिनी अंगठा पाठवतात.